अर्ध्या टक्क्याची सहल

आधी एक हिशेब मांडू. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 625 चौरस किलोमीटरचा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यातला फार तर 20 टक्के भाग पर्यटकांच्या गाड्यांना खुला ठेवता येतो, म्हणजे 125 चौरस किलोमीटर. चंद्रपूर जिल्हा 11,443 चौरस किलोमीटर आणि गडचिरोली 14,412. बेरीज 25,855. आता करा भागाकार. मोहर्लीला दोन रात्री राहून, गाभ्यात तीन सफाऱ्या मारून पुण्या-मुंबईचं कुटुंब 'चंद्रपूर-गडचिरोली झालं एकदाचं' म्हणत गाडीत बसतं, तेव्हा त्याने या मुलखाचा अर्धा टक्काही पाहिलेला नसतो. बफरचं सगळं जंगल त्यात घातलं तरी आकडा सात टक्क्यांच्या आतच राहतो.

25,855 चौरस किलोमीटर म्हणजे किती, हे नुसतं वाचून कळत नाही. गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा; तसे जवळजवळ सात गोवे या दोन जिल्ह्यांत बसतात. आफ्रिकेतला रवांडा हा देश जेमतेम एवढाच, 26,338 चौरस किलोमीटर. तिथे 2022 च्या जनगणनेत 1 कोटी 32 लाख लोक मोजले गेले. आपल्या दोन जिल्ह्यांत 2011 साली होते 32 लाख 77 हजार. त्यातही गडचिरोलीचे फक्त 10 लाख 73 हजार, म्हणजे चौरस किलोमीटरला 74 माणसं. हा आकडा मुंबईला लावून पाहावा. शहर आणि उपनगर मिळून मुंबई 603 चौरस किलोमीटर भरते. गडचिरोलीच्या हिशेबाने तिथे माणसं राहिली असती तर कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत अख्ख्या मुंबईची वस्ती 44 हजार 600 झाली असती. गर्दीच्या वेळच्या नऊ-दहा लोकलमध्ये सगळं शहर मावलं असतं. उलट मुंबईची दाटी गडचिरोलीत आणली तर एकट्या त्या जिल्ह्यात जवळजवळ 30 कोटी माणसं कोंबावी लागतील.

वाघ मात्र इथे दाटीने राहतात. 2022 च्या गणनेत ताडोबाच्या हद्दीत 97 वाघ नोंदले गेले. एका वाघाच्या वाट्याला 18 चौरस किलोमीटर, बछडे वगळून. प्रकल्पाबाहेर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या पट्ट्यातल्या जंगलांतले वाघ मोजले तर चंद्रपूर जिल्ह्याची संख्या दोनशेच्या वर जाते, असं वनखातं सांगतं. भूतान हा देश चंद्रपूरच्या तिपटीहून मोठा, आणि वाघांची काळजी घेण्यात त्याचं नाव आहे. तिथे 131 वाघ आहेत. बांगलादेशात त्यांच्या वाट्याच्या सुंदरबनात 125. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया या तीन देशांत मिळून जंगली वाघ शून्य. महाराष्ट्रात 2006 साली 103 वाघ होते, 2022 मध्ये 444 झाले. या वाढीत चंद्रपूरचा वाटा किती, हे वेगळं सांगायला नको.

या वाघांचं आवडतं ठिकाण कोणतं, तर गवत. पर्यटकाच्या डोक्यात घनदाट अरण्य असतं. वाघ दिसतो तो बहुधा मोकळ्या कुरणाच्या काठावर, कारण चितळ तिथे चरतात आणि चितळाच्या मागे वाघ येतो. ताडोबातली काही कुरणं निसर्गाने केलेली नाहीत. नवेगाव आणि जामनी ही गाभ्यातली गावं गेल्या दशकात बाहेर वसवली गेली. जिथे धान पिकायचं तिथे आता कमरेएवढं गवत आहे. जामनीच्या कुरणात चितळांचा कळप माना वर करून एकाच दिशेला बघत थांबला की गाईड हाताने गप्प राहायची खूण करतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि सहाच्या सहा पर्यटक श्वास धरून बसतात. ज्यांची घरं इथे होती त्यांची नातवंडं एखाद्या जिप्सीत गाईड म्हणून बसलेली असू शकतात. गाभ्यात मोबाइल न्यायला बंदी आहे, ती मला ताडोबाची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. चार तास मुलांचे डोळे बाहेर असतात.

सिनेमाची तारका म्हणावी अशी एक वाघीणही या गवतात होऊन गेली. टी-12, लोकांच्या तोंडी माया. पांढरपौनीचं पाणी आणि ताडोबा तलावाचा परिसर हे तिचं राज्य. तिच्यावर ऐश्वर्या श्रीधर हिने केलेला माहितीपट परदेशांतल्या महोत्सवांत गेला. 2023 च्या पावसाळ्यानंतर ती दिसेनाशी झाली, नोव्हेंबरात तिचे अवशेष सापडले आणि बातमी एखाद्या नटीच्या निधनासारखी पहिल्या पानावर छापून आली. पण आकड्यांचीच गोष्ट चालली आहे तर दुसराही आकडा मांडला पाहिजे. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पर्यटकाला वाघ दिसावा म्हणून मे महिना उत्तम, कारण 46-47 अंशांत तो पाण्यावर येतो. तेंदूचा हंगामही त्याच दिवसांत असतो. दोनशे वाघांचा अभिमान मिरवताना त्यांची किंमत कोण भरतं, हे जिप्सीतल्या मुलांनाही कळू द्यावं.

चंद्रपुरातून मोहर्लीला जाताना दुर्गापूरजवळ महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसतात. बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात. थांबायला परवानगी नाहीच, पण हिशेब करायला कोण अडवतं? केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट. विजेच्या एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा धरा. सगळे संच एक दिवस पूर्ण क्षमतेने चालवायचे तर 49 हजार टन कोळसा लागेल. चार हजार टनांची एक मालगाडी, अशा बारा मालगाड्या रोज. हा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनी झाडं. एक जंगल जाळून वीज करायची आणि त्याच रस्त्याने दुसरं जंगल बघायला जायचं, असा हा वीस-तीस किलोमीटरचा प्रवास आहे.

इथून पुढे काळाचा हिशेब सुरू होतो, आणि तो गडचिरोलीच्या अगदी दक्षिण टोकाला नेतो. सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्ली गावाजवळ, 1958 ते 1961 या काळात एका अवाढव्य प्राण्याची हाडं खणून काढली गेली. निदान सहा प्राण्यांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं. मांडीचं एक हाड 1.7 मीटर लांब, म्हणजे आपल्याकडच्या सर्वसाधारण पुरुषाच्या डोक्यावरून वर जाणारं. वनस्पती खाणारा, चौदा मीटरच्या आसपास लांब आणि सुमारे सात टन वजनाचा डायनोसॉर. 1961 हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून 1975 साली बारसं झालं तेव्हा नाव पडलं बारापासॉरस टागोराय. आता गंमत पाहा. हा सांगाडा उभा आहे कोलकात्यात, तोही प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. आकडे मोजणाऱ्यांच्या घरात डायनोसॉर! महालनोबिस यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून आपल्या संस्थेत जीवाश्मांचा अभ्यास सुरू करवला, त्याचं हे फळ. सिरोंच्याच्या मुलांनी आपल्या तालुक्यातला सगळ्यात जुना रहिवासी बघायचा तर हावड्याची गाडी धरावी. तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडं पाहायला मिळतात. लाकडाच्या रेषा जशाच्या तशा, पण बोटाने टिचकी मारली की दगडाचा आवाज.

बारापासॉरसचा काळ साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीचा. एवढा आकडा मनात ठरत नाही, म्हणून मुलांना गाडीतच एक खेळ खेळायला लावावा. सिरोंच्याहून उत्तरेला निघायचं आणि 180 किलोमीटर जायचं. एक किलोमीटर म्हणजे दहा लाख वर्षं, एक मीटर म्हणजे हजार. दुर्गापूरचा कोळसा या रस्त्यावर येतच नाही. तो सत्तरएक किलोमीटर मागे, नदीपलीकडे तेलंगणात राहिला. निघताना खिडकीबाहेर डायनोसॉर चरत आहेत. रेपनपल्ली, आलापल्ली मागे पडतं, तरी डायनोसॉर आहेतच. निम्म्याहून जास्त रस्ता संपतो, आष्टीकडे आपण येऊ लागतो, शेवटचे 66 किलोमीटर उरतात, तेव्हा कुठे सह्याद्री घडवणारा लाव्हा वाहतो आणि डायनोसॉर संपतात. मग बराच वेळ काही ओळखीचं येत नाही, मुलं कंटाळून झोपतात. आपल्यासारखा माणूस येतो तो शेवटचे 300 मीटर राहिल्यावर. शेती शेवटच्या दहा मीटरांत. रस्ता संपतो तो चामोर्शीच्या आसपास, आणि योगायोग असा की तिथून जवळच वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळं आहेत. ती हजारएक वर्षांची, म्हणजे आपल्या रस्त्याचा शेवटचा एक मीटर. गोंड राजांचं चंद्रपूर अर्धा मीटर. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 चं, ते सात सेंटिमीटर. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याच्या वाट्याला चार सेंटिमीटर आणि थोडं वर.

सिरोंच्याला गेलातच तर नदीवर जरा जास्त वेळ काढा. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. तिची स्वतःची लांबी अवघी 113 किलोमीटर. पण तिच्यात ज्या प्रदेशाचं पाणी येतं त्याचं क्षेत्रफळ 1,09,078 चौरस किलोमीटर आहे: महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून जास्त, पावणेतीन केरळांपेक्षाही मोठं. पेंचच्या जंगलात, यवतमाळच्या कापसावर, नागपूरच्या रस्त्यांवर पडलेला पाऊस या एका घाटासमोरून जातो. इतक्या आखूड नदीने एवढा पसारा सांभाळल्याचं दुसरं उदाहरण शोधायला बसावं लागेल. खाली गोदावरीवर तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा आहे, 1.6 किलोमीटर लांब, 85 दारांचा. 21 जून 2019 ला त्याचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. दारं 85 असोत की 185, नदीने मनावर घेतलं की काय होतं हे काठावरचे शेतकरी आधीपासून सांगत होते. त्यांच्या जमिनी दरसाल पाण्याखाली जात होत्या. तिकडे वर भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम. पर्लकोटा फुगली की पुलावरून पाणी जातं आणि शंभराहून जास्त गावांचा जगाशी संबंध तुटतो. म्हणून सहलीचे महिने नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात तिकडे जाऊ नये.

सगळेच आकडे मोठे नाहीत. आलापल्लीजवळ सागाचं एक जुनं, कुऱ्हाड न लागलेलं जंगल राखून ठेवलं आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात त्याला. 2014 साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून ते जाहीर झालं. क्षेत्र सहा हेक्टर. दादरचं शिवाजी पार्क अकरा हेक्टरांहून मोठं आहे. म्हणजे गडचिरोलीचं हे वैभव शिवाजी पार्कच्या साधारण अर्ध्या जागेतच फिरून होतं. जिल्ह्याच्या 14,412 चौरस किलोमीटरांतला हा दोन लाख चाळीस हजारावा भाग. बाकीच्या सागवानाचं काय झालं, ते बल्लारपूरच्या लाकूड आगाराला विचारावं. तिथलं सागवान 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेलं. आलापल्लीच्या त्या तुकड्यात उभं राहून मान मागे टाकली तरी शेंडा सापडत नाही, पोरांची टोपी मात्र पडते. खाली पडलेलं सागाचं वाळकं पान उचलून एखाद्या पोराच्या तोंडासमोर धरा, सगळं तोंड झाकतं. इथून पुढे कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे, राज्यातला एकुलता एक. मुलांना तो हमखास आवडतो.

चंद्रपूर शहराचा परकोट अकरा किलोमीटरचा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा ही चार दारं आणि पाच खिडक्या. त्यावर झाडंझुडपं वाढून तो दिसेनासा झाला होता. 2017 मध्ये बंडू धोत्रे यांच्या इको-प्रोच्या पोरांनी दोनशेहून जास्त दिवस हातात विळे-फावडी घेऊन तो साफ केला. आता तटावरून सकाळी चालता येतं. ताडोब्याला जाताना शहरात एक सकाळ काढायला लोक का तयार नसतात, मला कळत नाही.

सिनेमाबद्दल बोलायचं तर हिंदी सिनेमाने या भागाला फारसं घरात घेतलं नाही. त्याला इथली बंदूक हवी असते, जागा दुसरीकडची चालते. दंडकारण्यातल्या निवडणुकीची गोष्ट सांगणाऱ्या 'न्यूटन'चं चित्रीकरण छत्तीसगडात दल्ली राजहऱ्याला झालं, वाघिणीच्या शिकारीवरच्या 'शेरनी'चं मध्य प्रदेशात. मराठीने थोडी लाज राखली. समृद्धी पोरे यांचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो' 2014 साली आला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांना घेऊन थेट हेमलकशात चित्रित झालेला. तिथला आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 ला सुरू झाला तेव्हा तिथे रस्ता नव्हता, वीज नव्हती. आजही आलापल्लीहून साठेक किलोमीटर जंगल पार करावं लागतं. ज्यांना या जिल्ह्यात अंतर म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल त्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी: 1 जानेवारी 2025. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी त्या दिवशी गर्देवाडा-वांगेतुरी या बत्तीस किलोमीटरच्या रस्त्यावर पहिली एसटी धावली.

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो. मुलगी पाहायला पाहुणे येतात, जातात, पुन्हा येतात. कापसाची शेतं, घरात मांडलेल्या खुर्च्या, पोह्यांच्या बशा. नवख्या स्थानिक माणसांनी केलेला हा सिनेमा 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार घेऊन आला. डोंगरगाव पर्यटनाच्या कुठल्याही नकाशात सापडायचं नाही, आणि सापडू नयेच. लोकांच्या दारात जाऊन 'हीच का ती खुर्ची' विचारणारे प्रवासी मला नको वाटतात.

तरी आकड्यांत सिनेमाला मागे टाकेल असं काही इथे असेल तर ती झाडीपट्टीची रंगभूमी. धान कापून झालं की दिवाळीनंतर मंडई भरू लागते, पुढे शंकरपट, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचं मुख्य ठाणं. पन्नासच्या आसपास मंडळ्यांचे फलक तिथे लागतात. चांगली चालती मंडळी एका हंगामात शंभर प्रयोग करते. सगळ्या तितक्या चालत नाहीत, निम्मेच धरू. तरी होळीपर्यंत अडीच हजार प्रयोग होतात, म्हणजे रोज रात्री वीसएक गावांत पडदा वर जातो. एकेका प्रयोगाला हजार-दोन हजार माणूस. शेतात जमीन खणून उतरती केलेली असते, म्हणजे मागच्यालाही रंगमंच दिसावा. बाया लेकरांना पदराखाली घेऊन, गडी कानाला मफलर गुंडाळून तणसावर बसतात. 2023 मध्ये पद्मश्री मिळालेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांच्या नावावर 800 भूमिका आणि पाच हजार प्रयोग सांगितले जातात. पाच हजार रात्री म्हणजे एकही सुट्टी न घेता 13 वर्षं आणि आठ महिने. या दुनियेवर तृषांत इंगळे यांनी 2022 साली 'झॉलीवूड' नावाचा सिनेमा केला; तो पाहून मग प्रयोगाला जावं, किंवा उलट.

वडशाला रेल्वेने उतरता येतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं एकूण रेल्वेमार्ग अठरा-साडेअठरा किलोमीटरच होता, आणि त्यावरचं हे स्टेशन. नाटकाचं तिकीट गावातच मिळतं, ऑनलाइन नाही. पांघरूण बरोबर ठेवा. दहाची वेळ दिलेली असली तरी पडदा अकराला वर जातो आणि भैरवी पहाटे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सकाळची सफारी बुक करून ठेवू नका.